पेंग्विनचा पत्ता: हिंदुस्थानच्या जलमार्गावरील बेटांचा इतिहास

सन १४९७. नोव्हेंबर सरत आला होता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून आलेली वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर, साओ ब्रास नावाच्या उपसागरात नांगरून उभी होती. या जागेला आज मोसेल बे म्हणतात. मुक्काम तेरा दिवसांचा झाला. सामानाचे जहाज मोडून त्यातील माल इतर जहाजांवर चढवण्यात आला, पिण्याचे पाणी भरून घेतले गेले, स्थानिक खोईखोई लोकांना कडी देऊन बैल विकत घेतला गेला. याच दिवसांत काही खलाशी उपसागरातील एका लहानशा बेटावर उतरले. बेटावर सीलांची गर्दी होती आणि त्यांच्याबरोबर एक विचित्र पक्षी होता. आकाराने बदकाएवढा, उडता न येणारा आणि गाढवासारखा ओरडणारा. खलाशांनी हवे तितके पक्षी मारले.

ही हकीकत त्या सफरीच्या रोजनिशीत नोंदलेली आहे. रोजनिशीवर नाव नाही. ती आल्व्हारो व्हेल्यो या सहप्रवाशाची असावी, असे सामान्यतः मानले जाते. युरोपीय माणसाने केलेली पेंग्विनची ही सर्वांत जुनी ज्ञात लेखी नोंद होय. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, २० मे १४९८ रोजी, हीच जहाजे कालिकतजवळ पोहोचली. परतीच्या प्रवासात, मार्च १४९९ मध्ये, ती पुन्हा साओ ब्रासला थांबली. या वेळी सील आणि पेंग्विन मारून, मीठ लावून, पुढच्या वाटेसाठी जहाजात भरण्यात आले. पाळत ठेवून शिकार करण्याचे कष्ट नव्हते. पक्षी पळत नव्हता आणि उडत तर मुळीच नव्हता.

या नोंदीत बर्फाचा उल्लेख कोठेही नाही, आणि असण्याचे कारणही नाही. मोसेल बे विषुववृत्तापासून दक्षिणेला साधारण तितकेच दूर आहे, जितके श्रीनगर उत्तरेला. फरक इतकाच की तेथे समुद्रकिनारा आहे आणि हवा वर्षभर सौम्य असते. पेंग्विन म्हटले की डोळ्यांपुढे अंटार्क्टिका उभे राहते, ते चित्रपटांमुळे आणि विसाव्या शतकातील ध्रुवीय मोहिमांच्या छायाचित्रांमुळे. पेंग्विनच्या सुमारे १८ जाती आहेत. त्यांतील अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर अंडी घालणाऱ्या जाती एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच आहेत. उरलेल्या न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा, दक्षिण अमेरिका, आफ्रिकेचे टोक आणि दक्षिण महासागरातील एकाकी बेटे येथे विखुरल्या आहेत. गॅलापागोस बेटांवरील जात तर थेट विषुववृत्तावर राहते. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आणलेले हम्बोल्ट पेंग्विनही पेरू आणि चिलीच्या कोरड्या, उन्हाने भाजलेल्या किनाऱ्याचे. भायखळ्यातील थंड केलेल्या काचघरापुढे रांगेत उभ्या राहणाऱ्या मुलांना ते बर्फातून आले असे वाटत असेल, तर त्यात मुलांचा दोष नाही.

पेंग्विनला हवे असते ते थंड पाणी आणि त्या पाण्यातील मासे. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह वाहतो. वारा पृष्ठभागावरील पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतो आणि त्याची जागा घ्यायला खोलवरचे गार, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सार्डिन आणि अँकोव्ही या माशांचे प्रचंड थवे, आणि त्या माशांवर पक्षी. किनारा मात्र वाळवंटी. नामिबच्या वाळवंटात पाऊस जवळजवळ पडतच नाही. समुद्रात सुबत्ता आणि जमिनीवर रखरखाट, अशा या विसंगतीत आफ्रिकन पेंग्विनचे सारे आयुष्य बसलेले आहे. त्यात आणखी एक अट होती. बिबट्या, तरस, कोल्हा यांच्यापासून दूर, पाण्याने वेढलेली जमीन हवी. म्हणून हा पक्षी बेटांवर राहत आला. नामिबियापासून दक्षिण आफ्रिकेच्या पूर्वेकडील अल्गोआ उपसागरापर्यंत अशा खडकाळ बेटांची माळ आहे.

दुर्दैव असे की नेमक्या याच किनाऱ्याला वळसा घालून हिंदुस्थानची वाट जात होती.

येथे नावाची गंमत सांगायला हवी. द गामाच्या सोबत्यांना ‘पेंग्विन’ हा शब्द ठाऊकच नव्हता. हा शब्द मुळात उत्तर अटलांटिकमधील एका वेगळ्याच पक्ष्याचा, ग्रेट ऑकचा. तोही काळा-पांढरा, ताठ उभा राहणारा आणि उडू न शकणारा. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर मासेमारीला जाणारे सोळाव्या शतकातील खलाशी त्याला पेंग्विन म्हणत. शब्दाचे मूळ वेल्श भाषेत की लॅटिनमध्ये, यावर विद्वानांचे एकमत नाही. पुढे दक्षिण गोलार्धात तसाच दिसणारा पक्षी आढळला तेव्हा खलाशांनी जुनेच नाव त्याला चिकटवले. दोघांचे जवळचे नाते नाही. उत्तरेतला मूळ ‘पेंग्विन’ मांस, चरबी आणि पिसांसाठी मारला गेला. त्याची शेवटची ज्ञात जोडी आइसलंडजवळील एल्डे बेटावर जून १८४४ मध्ये मारण्यात आली. नाव उरले, नावाचा धनी गेला. हे १८४४ साल लक्षात ठेवावे, कारण त्याच वर्षी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर काय चालले होते ते पुढे येईल.

द गामानंतरची जवळजवळ शंभर वर्षे केपच्या पेंग्विनना तुलनेने सुखाची गेली. त्याचे एक कारण कोकणाच्या इतिहासाशी जोडलेले आहे. पोर्तुगीज हिंदुस्थानचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याचा मुलगा लोरेन्सो १५०८ मध्ये चौलच्या लढाईत मारला गेला. सूड घ्यायला निघालेल्या आल्मेदाने त्याच वर्षाच्या अखेरीस दाभोळ बंदर बेचिराख केले आणि पुढे दीवला विजय मिळवला. कारकीर्द संपवून मायदेशी परतताना तो केपजवळच्या टेबल बे येथे पाण्यासाठी थांबला. तेथे खोईखोई लोकांशी चकमक झाली आणि १ मार्च १५१० रोजी तो आपल्या अनेक साथीदारांसह मारला गेला. दाभोळ जाळणारा सेनानी अशा रीतीने दगड आणि भाल्यांपुढे पडला. या घटनेनंतर पोर्तुगीज जहाजे केपचा किनारा शक्यतो टाळून मोझांबिककडे थांबू लागली. खोईखोईंना पेंग्विनचे रक्षण करायचे नव्हते, हे उघड आहे. पण परिणाम काहीसा तसा झाला.

सतराव्या शतकात इंग्रज आणि डच आले व ही सवलत संपली. सुरत, मसुलीपट्टण, जावा येथे जाणाऱ्या जहाजांना टेबल बे ही सोयीची जागा होती. अर्ध्या वाटेवर ताजे पाणी, आणि खाडीच्या तोंडाशी असलेल्या बेटावर फुकटचे मांस. स्कर्व्हीने हिरड्या सुजलेल्या, महिनोन्महिने खारवलेले मांस चघळणाऱ्या खलाशांना ताज्या अन्नाची किंमत काय असेल याची कल्पना करता येते. हे बेट काही काळ ‘पेंग्विन बेट’ म्हणूनच ओळखले जाई. डचांनी दिलेले नाव टिकले, ते रॉबेन, म्हणजे सीलांचे बेट. ६ एप्रिल १६५२ रोजी यान व्हान रिबेक डच ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे वसवायला केपला उतरला. पहिल्या हिवाळ्यात धान्याची टंचाई होती, तेव्हा रॉबेनवर होड्या पाठवून पेंग्विन व त्यांची अंडी आणवली गेली. पुढे बेटावर मेंढ्या आल्या, ससे आले, कैदी आले. १८०० च्या सुमारास रॉबेनवर एकही पेंग्विन उरला नव्हता.

मांस आणि अंडी यांमुळे एखाद-दुसरे बेट ओस पडले. खरा घाव मात्र पक्ष्यावर नव्हे, त्याच्या घरावर बसला, आणि ते घर विष्ठेचे होते.

हजारो वर्षे गॅनेट, पाणकावळे आणि पेंग्विन या बेटांवर विष्ठा टाकत होते. पाऊस नसल्याने ती वाहून जात नव्हती. थरावर थर साचत गेले. या थराला ग्वानो म्हणतात. शब्द दक्षिण अमेरिकेतील केचुआ भाषेतला. पेंग्विन या घट्ट थरात बीळ खोदतो आणि त्यात दोन अंडी घालतो. थंड पाण्यासाठी घडलेली त्याची दाट पिसे जमिनीवर, उन्हात, त्याला ओझे होतात. बिळात गारवा टिकतो, अंडी झाकलेली राहतात. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे ४० दिवस अंडी उबवतात; एक बिळात, दुसरा समुद्रात.

एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शेतीला या थराचा शोध लागला. अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट याने शतकाच्या आरंभी पेरूतील ग्वानोचे नमुने युरोपात नेले होते. १८४० मध्ये युस्टुस फॉन लीबिग याचा शेतीच्या रसायनशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पिकांना कोणती द्रव्ये लागतात याची चर्चा जमीनदारांपर्यंत पोहोचली. पेरूचा ग्वानो महाग होता, त्यावर मक्तेदारी होती. तेव्हा कोणाला तरी बेंजामिन मॉरेल या अमेरिकन कप्तानाचे १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रवासवर्णन आठवले. नामिबच्या किनाऱ्याजवळ इचाबो नावाच्या बेटावर पक्ष्यांच्या विष्ठेचा पंचवीस फूट जाडीचा थर असल्याचे त्यात लिहिले होते. मॉरेल हा अतिशयोक्तीसाठी बदनाम गृहस्थ. या बाबतीत मात्र तो बराचसा खरा निघाला.

१८४३ मध्ये पहिले जहाज इचाबोहून ग्वानो भरून ब्रिटनला गेले. बातमी लपवण्याचा प्रयत्न झाला, पण बंदरात बातमी किती दिवस लपणार? १८४४ मध्ये झुंबड उडाली. इचाबोचे क्षेत्रफळ जेमतेम साडेसहा हेक्टर, म्हणजे सोळा एकर. एखाद्या सधन शेतकऱ्याच्या शिवाराएवढ्या या खडकाभोवती शेकडो जहाजे नांगरून पडली आणि हजारो माणसे त्यावर कुदळी-फावडी घेऊन तुटून पडली. बेटावर पाण्याचा थेंब नव्हता, सावली नव्हती, कायदा तर नव्हताच. जागेच्या हद्दींवरून मारामाऱ्या झाल्या, मजुरांनी कप्तानांना जुमानले नाही, शेवटी ब्रिटिश आरमाराला लक्ष घालावे लागले. अमोनियाच्या उग्र वासात, डोळे चुरचुरत, माणसे खणत राहिली. १८४५ च्या मध्यापर्यंत बेट खडकापर्यंत खरवडले गेले होते. दोन-तीन लाख टन ग्वानो निघून गेला आणि ब्रिटनच्या शेतांत पसरला. हजारो वर्षांचा थर दोन वर्षांत संपला. उत्तरेत शेवटचा ग्रेट ऑक मारला गेला, तो याच धामधुमीच्या वर्षी.

जहाजे गेली. पक्षी हळूहळू परतले, पण खणायला थर उरला नव्हता. आणि नवा थर साचूही दिला गेला नाही. ब्रिटनने १८६० च्या दशकात ही बेटे ताब्यात घेतली, पुढे ती केप वसाहतीला जोडली गेली, आणि विणीचा हंगाम संपला की साचलेला ग्वानो खरवडून शेतकऱ्यांना विकणे हा सरकारी उद्योग बनला. ही व्यवस्था विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालली. पेंग्विनला उघड्यावर अंडी घालावी लागली. ऊन असह्य झाले की बसलेला पक्षी धापा टाकत पाण्याकडे निघतो, आणि तेवढ्यात समुद्री कुरव अंडे उचलतो. पक्ष्याला कोणी मारत नव्हते, म्हणून या हानीकडे कोणाचे लक्षही गेले नाही. शिकारीची नोंद होते. न जन्मलेल्या पिलांची होत नाही.

याच्या जोडीला अंड्यांचा व्यापार होता. केपटाउनच्या उत्तरेला असलेल्या डासेन बेटावर विसाव्या शतकाच्या आरंभी पंधरा लाखांच्या घरात पेंग्विन असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे. तेथून दरवर्षी लाखो अंडी गोळा होत. उकडल्यावरही या अंड्याचा पांढरा भाग पारदर्शक, जेलीसारखा राहतो; केपटाउनच्या खवय्यांना त्याचे अप्रूप होते. पहिली अंडी गेली तर मादी पुन्हा घालू शकते हे खरे, परंतु उशिरा निघालेल्या पिलांना माशांचा हंगाम हुकतो. ही अंडीगोळा १९६० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली.

बेटांचे राजकारण तर आणखी विलक्षण. नामिबियासमोरील बारा बेटांना एकत्रितपणे ‘पेंग्विन बेटे’ म्हणतात. इंग्रजी ताटातील पदार्थांवरून त्यांपैकी एकाचे नाव प्लमपुडिंग, तर दुसऱ्याचे रोस्ट बीफ. भुकेल्या खलाशांची स्वप्ने नकाशावर अशी कायम झाली. ग्वानोसाठी ब्रिटिशांनी घेतलेली ही बेटे केपमार्फत दक्षिण आफ्रिकेकडे गेली. समोरची मुख्य भूमी जर्मनांची झाली, मग दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात आली, आणि २१ मार्च १९९० रोजी नामिबिया स्वतंत्र झाला. बेटे मात्र सुटली नाहीत. किनाऱ्यावरून दिसणारा खडक परक्या देशाचा, अशी स्थिती आणखी चार वर्षे होती. वॉल्व्हिस बे बंदरासह ती १९९४ मध्ये नामिबियाला मिळाली. पक्ष्यांच्या विष्ठेसाठी आखलेली सीमा सुमारे एकशे तीस वर्षांनी पुसली गेली.

तोवर समुद्रच बदलला होता. महायुद्धानंतर सार्डिनची यांत्रिक मासेमारी वाढली. नामिबियाच्या समुद्रात १९६० च्या दशकाच्या अखेरीस पकड शिगेला पोहोचली आणि मग साठा कोसळला. मोकळ्या झालेल्या पाण्यात जेलीफिश आणि कमी पोषणमूल्याचे मासे वाढले. दुसरीकडे, १९६७ च्या युद्धानंतर सुएझ कालवा आठ वर्षे बंद राहिला आणि तेलवाहू जहाजे पुन्हा केपला वळसा घालू लागली. जुनी वाट पुन्हा गजबजली, आता डांबरासारख्या तेलाचे तवंग घेऊन. १९६८ मध्ये एका तेलगळतीनंतर केपटाउनमध्ये समुद्रपक्ष्यांना वाचवणारी सॅनकॉब ही संस्था स्थापन झाली.

तिची कसोटी २३ जून २००० रोजी लागली. ‘ट्रेझर’ नावाचे लोहखनिज वाहणारे जहाज रॉबेन आणि डासेन यांच्या दरम्यान बुडाले. नेमकी हीच दोन बेटे त्या काळी पेंग्विनच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी होती. सुमारे १९,००० पक्षी तेलाने माखले. हजारो स्वयंसेवकांनी एकेक पक्षी हाताने धुतला, भरवला. अजून स्वच्छ असलेल्या सुमारे १९,५०० पेंग्विनचे काय करावे, हा प्रश्न होता. त्यांना पकडून, ट्रकमधून पूर्वेला पोर्ट एलिझाबेथजवळ नेऊन समुद्रात सोडले गेले. हिशेब असा की ते पोहत घरी येईपर्यंत इकडचे तेल साफ होईल. तिघांच्या पाठीवर उपग्रहाद्वारे माग काढणारी यंत्रे बसवली होती. त्यांची नावे पीटर, पॅमेला आणि पर्सी. सुमारे ९०० किलोमीटरचे अंतर कापून ते आपल्या बेटाकडे परतत असल्याचे दक्षिण आफ्रिकेतील लोक रोज पाहत होते. हिशेब बरोबर निघाला. तेल धुतलेल्या पक्ष्यांपैकीही बहुसंख्य जगले.

येथे रॉबेनवर पेंग्विन कसे, असा प्रश्न पडेल. १८०० च्या सुमारास ओस पडलेल्या या बेटावर ते १९८३ मध्ये आपणहून परतले होते. त्याच्या आदल्याच वर्षी तेथील तुरुंगातून नेल्सन मंडेला यांना मुख्य भूमीवर हलवण्यात आले होते. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही, पण बेटाच्या बखरीत त्या शेजारीशेजारी येतात. त्याच दशकात सायमन्स टाउनजवळ बोल्डर्सच्या किनाऱ्यावर, चक्क घरांच्या आवारात, पेंग्विन अंडी घालू लागले. हजारो वर्षे त्यांनी टाळलेली मुख्य भूमी त्यांना आता चालली, कारण तेथून बिबटे आणि तरस माणसाने आधीच हुसकावले होते. पर्यटकांच्या छायाचित्रांतील ‘नैसर्गिक’ बोल्डर्स वसाहतीचे वय चाळीस वर्षांच्या आसपास आहे.

बेरीज मात्र वजाबाकीकडेच जाते. १९५६ च्या गणनेत दीड लाखाच्या आसपास जोड्या होत्या. २०२३ मध्ये त्या दहा हजारांहून कमी भरल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीला अतिसंकटग्रस्त ठरवले. पेंग्विनच्या कोणत्याही जातीवर ही वेळ प्रथमच आली. ग्वानोच्या बिळांऐवजी कृत्रिम घरटी ठेवली जातात. फायबरग्लासची पहिली घरटी उन्हात इतकी तापत की नव्याने विचार करावा लागला. मासे पूर्वेकडे सरकले म्हणून दे हूप येथे, त्यांच्या जवळ, नवी वसाहत वसवण्याचा प्रयत्न झाला. किनाऱ्यावर पेंग्विनचे पुतळे मांडले, ध्वनिमुद्रित हाका लावल्या, भक्षक प्राण्यांसाठी कुंपण घातले. २०२२ मध्ये तेथे पहिल्या जोड्यांनी अंडी घातली. आणि मार्च २०२५ मध्ये, पक्षीसंस्था व मत्स्यव्यवसाय यांच्यातील दीर्घ वादानंतर झालेल्या तडजोडीला न्यायालयाने आदेशाचे रूप दिले. त्यानुसार सहा वसाहतींभोवतीच्या ठरावीक पाण्यात सार्डिन आणि अँकोव्ही पकडण्यास मनाई आहे. त्या सहांत डासेन आहे आणि रॉबेनही.